आमिषाकडून हाताकडे

मऊ प्लास्टिकचं आमिष पाण्यात स्वतःहून जवळजवळ काहीच करत नाही. क्रँकबेट ओढलं की आपोआप डुलतं, स्पिनरबेटचं पातं फिरतं, पॉपरला झटका दिला की तो पाणी उडवत गुडगुडतो. ही आमिषं आपलं नाटक सोबत घेऊनच येतात. प्लास्टिकचा किडा मात्र टाकला की खाली जातो आणि तळाशी पडून राहतो. त्याला उचलायचं, सोडायचं, मध्येच थांबवायचं, बुडालेल्या फांदीवरून अलगद पलीकडे उतरवायचं, हे सगळं आपल्या हातानं करायचं. आणि तिकडे, दहा-बारा फूट पाण्याखाली काय चाललंय, तेही हातानंच ओळखायचं. बास माशाच्या मासेमारीत मला सगळ्यात प्रिय असलेला भाग हाच आहे, आणि रॉड, लाईन, आमिष यांच्या निवडीबद्दल मला जे काही म्हणायचंय ते सगळं त्यातूनच येतं.

निवड टोकाकडून सुरू करावी, असा माझा आग्रह आहे. आधी आमिष, मग गळ आणि वजन, मग लाईन, आणि सगळ्यात शेवटी रॉड. दुकानात नेमका याच्या उलट क्रम असतो. रॉडची रांग डोळ्यात भरते, हात आधी तिकडे जातो, पैसे तिथेच संपतात, आणि आमिषाची पाकिटं जाता जाता रंग बघून उचलली जातात.

बास खातो कसा, हे एकदा समजलं की हा क्रम का, ते वेगळं सांगावं लागत नाही. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला, गोड्या पाण्यातला मासा. लांबवर पाठलाग करण्यापेक्षा तो दबा धरून बसणं पसंत करतो : गवताच्या कडेला, दगडाच्या सावलीत, बुडालेल्या खोडाला खेटून. भक्ष्य टप्प्यात आलं की तो जबडा उघडतो आणि कल्ले फुलवतो. तोंडाच्या पोकळीत एकदम पाणी शिरतं आणि त्या पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढलं जातं. दातांनी तोडणं, चावणं यात फारसं नसतंच. आत आलेली वस्तू पटली नाही, तर तो ती तितक्याच सहज बाहेर फुंकून टाकतो. आमिष आत गेलं, बाहेर आलं आणि काठावरच्या माणसाला पत्ताही लागला नाही, हे पाण्याखाली सतत घडत असतं. कडक लाकूड किंवा कडक प्लास्टिक त्याला लगेच परकं लागतं. मऊ अंगाचं आमिष तो जरा जास्त वेळ तोंडात धरून ठेवतो. तो जो वाढीव क्षण मिळतो ना, त्या क्षणात आपल्याला कळावं आणि आपण गळ रोवावा, एवढ्यासाठी बाकीचं सगळं सामान असतं.

आता हे कळणं म्हणजे काय? कधी लाईनवर बारीकसं 'टक्' होतं, बोटाच्या नखावर कुणी टिचकी मारावी तसं. कधी आमिष नुसतंच जड लागतं, जणू ओल्या गवतात रुतलंय. कधी उलट होतं, वजनच नाहीसं होतं, कारण मासा आमिष तोंडात घेऊन आपल्याच दिशेनं पोहत असतो. आणि कित्येकदा हाताला काहीच लागत नाही, फक्त पाण्यावर पडलेली लाईन हळूच एका बाजूला सरकायला लागते. वारा नसताना लाईन बाजूला चालू लागली, तर ती कुणीतरी ओढतंय. नव्या माणसाला झटका अपेक्षित असतो. हे चार प्रकार मात्र कुणी समोर बसून सांगितल्याशिवाय ध्यानात येत नाहीत, म्हणून मी ते सगळ्यांना सांगत असतो.

या आमिषाचा इतिहास मला फार आवडतो, कारण तो घरगुती आहे. ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात निक क्रीम आणि त्याची पत्नी कॉस्मा यांनी १९४९ साली स्वयंपाकघरात खटपट करून मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतला. साचा खऱ्या गांडुळावरून घेतलेला. पुढे त्यांचा व्यवसाय टेक्सासमधल्या टायलरला गेला, आणि त्या भागात नव्यानं भरलेल्या, बुडालेल्या झाडांनी गच्च असलेल्या जलाशयांमध्ये हा किडा लोकांच्या हाती पडला. झाडांमधून तो अडकल्याशिवाय काढायचा कसा, या अडचणीतून टेक्सास रिग, म्हणजे गळ, वजन आणि आमिष जोडायची एक पद्धत, रुळली. म्हणजे आमिष ओहायोचं आणि ते वापरायची रीत टेक्सासची. पंचाहत्तर वर्षं होऊन गेली, तरी माझ्या पेटीत त्याच मूळ कल्पनेची नातवंडं-पतवंडं भरलेली आहेत.

पदार्थ आजही मुख्यतः तोच आहे. पीव्हीसीचे बारीक कण एका मऊ करणाऱ्या तेलकट द्रवात मिसळलेले असतात. हा प्लॅस्टिसॉल साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून साच्यात ओतला की थंड होताना लवचीक होतो. द्रव जास्त तर आमिष मऊ, कमी तर घट्ट. यात मीठ घातलं की दोन गोष्टी होतात : आमिष जड होतं आणि ठिसूळही होतं. १९९० च्या दशकात गॅरी यामामोटो यांनी आणलेला सेंको हा याचा सर्वोत्तम नमुना. दिसायला नुसती एक जाडसर कांडी. शेपूट नाही, पाय नाहीत. पण भरपूर मिठामुळे तो वजन न लावताही बुडतो, आणि आडवा बुडताना त्याची दोन्ही टोकं थरथरतात. एक-दोन मासे झाले की फाटतो. लोक त्याबद्दल कुरकुर करतात, मला मात्र तो सौदा रास्त वाटतो. ज्या मऊपणामुळे तो फाटतो, त्याच मऊपणामुळे मासा तो धरून ठेवतो. याच्या दुसऱ्या टोकाला इलाझटेकसारखे चिवट पदार्थ आहेत. ते ताणले तरी तुटत नाहीत आणि पाण्यात तरंगतात, त्यामुळे छोट्या जिगच्या, म्हणजे वजनी डोक्याच्या गळाच्या, डोक्यावर लावलेला तुकडा तळाशी उभा राहून डोलतो. एवढं लक्षात ठेवावं, की हे साध्या प्लॅस्टिसॉलच्या आमिषांशेजारी एकाच कप्प्यात ठेवले तर दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतात.

आकाराचा विचार मी पाण्याकडे बघून करतो. पाणी गढूळ आणि ऊबदार असेल तर शेपूट हलवणारं, पाणी ढवळणारं आमिष, कारण मासा तिथे डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेनं, म्हणजे कंपनं टिपणाऱ्या संवेदी रांगेनं जास्त शोधतो. पाणी नितळ आणि थंड असेल तर सरळ, बारीक, जवळजवळ निश्चल आमिष. नांग्यांची आमिषं दगडाळ तळावर, जिथे खरे क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले नांग्यांचे झिंग्यासारखे जीव, असतात. यापलीकडे आकारांची जी अफाट जत्रा दुकानात भरते, तिच्यात मला रस नाही.

रंगांवर लोक रात्र-रात्र वाद घालतात. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासची रंगदृष्टी तपासली तेव्हा लाल आणि हिरवा हे रंग त्याला चांगले ओळखता आले. पण पिवळट हिरवा, ज्याला सगळे शार्ट्रूज म्हणतात, तो आणि पांढरा यांत त्याचा गोंधळ झाला, आणि निळा व काळा यांतही. मला हे वाचून आनंद झाला. नितळ पाण्यात हिरवट-तपकिरी ग्रीन पंपकिन आणि गढूळ पाण्यात काळा-निळा, एवढ्या दोन रंगांवर माझा विश्वास पूर्वीपासून आहे, आणि काळ्या-निळ्यातला निळा माशासाठी नसून विकत घेणाऱ्यासाठी असावा, असं मला आता आणखी वाटतं.

आमिष ठरलं की गळ. आणि इथेच सगळ्या साखळीचा सांधा आहे, म्हणून जरा थांबतो. टेक्सास रिगमध्ये बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं वजन लाईनवर सरकतं ओवलेलं असतं, त्याखाली वळणदार मानेचा गळ. गळाचं टोक किड्याच्या डोक्यातून थोडं आत घालून बाहेर काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक परत किड्याच्या अंगात लपवायचं. टोक लपलेलं असल्यामुळे आमिष फांद्यांतून, गवतातून न अडकता जातं. पण याचाच अर्थ असा, की मासा लागल्यावर ते टोक आधी प्लास्टिकमधून बाहेर यायला हवं आणि मग बासच्या कडक जबड्यात घुसायला हवं. त्याला जोर लागतो. जोर पोचवायला कमी ताणणारी लाईन लागते, आणि तो जोर निर्माण करायला कण्याचा भक्कम रॉड लागतो. एका लपलेल्या टोकानं बाकी सगळं ठरवून टाकलं.

याच्या उलट वॅकी रिग. सेंकोच्या बरोबर मध्यातून बारीक तारेचा गळ घालायचा, टोक उघडं, वजन शून्य. उघडं टोक नुसत्या ताणानंही रुतून बसतं. इथे जोराचा झटका दिला तर बारीक गळ सरळ होईल किंवा बारीक लाईन तुटेल. म्हणून मऊ टोकाचा रॉड, स्पिनिंग रीळ, हलकी लाईन. ड्रॉप शॉटही याच घरातला : वजन सगळ्यात खाली, आमिष त्याच्या वर हातभर, तळापासून अधांतरी. जपानमधल्या दबावाखालच्या, अतिमासेमारी झालेल्या पाण्यात तो फुलला आणि मग अमेरिकेत आला. कॅरोलिना रिग, ज्यात वजन पुढे आणि आमिष लांबलचक धाग्यावर मागे तरंगत येतं, ती जॅक चॅन्सेलरनं १९८५ ची बासमास्टर क्लासिक ही स्पर्धा तिच्या जोरावर जिंकल्यावर सर्वतोमुखी झाली. मी ती कमी वापरतो. आमिष आणि वजन यांच्यात एवढं अंतर पडलं की मला तिकडचं काही नीट ऐकू येत नाही.

वजनाबद्दल एकच सांगतो, पण ठामपणे : टंगस्टन घ्या. शिशापेक्षा ते सुमारे १.७ पट घन आहे, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी बरीच लहान होते आणि फटींतून सहज जाते. शिवाय ते कडक आहे. दगड लागला तर दगड, लाकूड लागलं तर लाकूड, चिखल असेल तर चिखल, हा फरक ते लाईनवरून वर पाठवतं, शिसं तो अर्धा गिळून टाकतं. आणि शिशाचं दुसरं दुखणं त्याहून गंभीर आहे. तळाशी हरवलेल्या शिशाच्या गोळ्या पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेनं मरतात. हंस असे मरू लागले म्हणून ब्रिटननं १९८७ साली लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली, आणि लून पक्ष्यांसाठी न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांनी निर्बंध आणले. टंगस्टन महाग आहे हे खरं. कमी घ्यावं, जपून वापरावं.

आता लाईन. तीन प्रकार आहेत आणि तिघींचा स्वभाव त्यांच्या घनतेत दडलाय. नायलॉन पाण्यापेक्षा किंचित जड, हळूहळू बुडते, ताणली जाते, आणि पाणी शोषून ओली झाली की थोडी दुबळी होते. फ्लुओरोकार्बन पाण्याच्या पावणेदोनपटीहूनही घन, झपझप बुडते, पाणी शोषत नाही. जपानच्या कुरेहा कंपनीनं १९७१ मध्ये तिचा पहिला लीडर, म्हणजे मुख्य लाईनच्या टोकाला जोडायचा तुकडा, आणला. तिचा अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या पुढे, म्हणून ती पाण्यात कमी दिसते. तिसरी विणलेली ब्रेड, पॉलिएथिलीनच्या बळकट धाग्यांची. पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे तरंगते, जवळजवळ ताणली जातच नाही, आणि त्याच ताकदीला बाकी दोघींच्या मानानं फारच बारीक.

फ्लुओरोकार्बन ताणली जात नाही असं जे सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. जोर लावला की तीही चांगलीच ताणली जाते. तिचं मोल दुसरीकडे आहे. ती जड असल्यामुळे पाण्यात सरळ रेषेत उतरते, वाऱ्यानं तिचा बाक होत नाही, आणि ढिली असतानाही 'टक्' पोचवते. मऊ आमिषाला मासा बहुतेकदा ते खाली पडत असताना घेतो, म्हणजे नेमकी लाईन ढिली असते तेव्हाच. पतंग उडवणाऱ्याला ढील देतानाही मांजावरून पतंगाची खबर बोटाला लागते, तसं काहीसं. म्हणून खोडं आणि दगड असतील तिथे टेक्सास रिगसाठी मी पंधरा किंवा सतरा पाउंडाची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, फ्लुओरोकार्बनच लावतो.

दाट पाणवनस्पतींत मात्र तिचा उपयोग नाही. तिथे पन्नास-पासष्ट पाउंडाची ब्रेड हवी. ती देठ कापत येते आणि गवताच्या भाऱ्यासकट माशाला बाहेर काढते. हलक्या कामासाठी दोघींची जोडी लावावी : रिळावर दहा-पंधरा पाउंडाची, डोळ्याला स्पष्ट दिसणाऱ्या रंगाची ब्रेड, आणि पुढे आठ-दहा पाउंडाचा फ्लुओरोकार्बनचा लीडर. ब्रेड आपल्याला दिसते, लीडर माशाला दिसत नाही. आधी सांगितलेलं ते लाईनचं बाजूला सरकणं इथे सगळ्यात आधी नजरेला पडतं.

गाठ पालोमार, आणि घट्ट ओढण्याआधी ती तोंडातल्या ओलाव्यानं भिजवायची. कोरड्या घर्षणाच्या उष्णतेनं फ्लुओरोकार्बन गाठीपाशी दुबळी होते. कुठे अडकून जोरात ओढावी लागली असेल तर पुढची काही फूट कापूनच टाकावी. एकदा मर्यादेपलीकडे ताणलेली ही लाईन पूर्ववत होत नाही, आणि ते दिसतही नाही.

रॉडपाशी येता येता बहुतेक निर्णय झालेले असतात. माझ्या पुतण्यानं मागे विचारलं, "काका, कोणता रॉड घेऊ?" मी म्हटलं, "आधी पेटी उघड. टाकणार काय आहेस ते दाखव." त्यानं सेंको, थोडे गोळीसारखे वजनाचे तुकडे आणि सात इंची किडे काढून ठेवले. मग बोलायला फार उरलं नाही.

रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं, ते वाचावं. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकतो आणि खाली ताठ राहतो : टोक ऐकायला, कणा रोवायला. टेक्सास रिगला हेच हवं. लाईन बारा ते वीस पाउंड, आमिषाचं वजन पाव ते पाऊण औंस, असे आकडे दिसतील, आणि त्यात आपलं आमिष बसतंय का एवढंच बघायचं. पॉवरच्या शब्दांवर विसंबू नये, कारण एका कंपनीचा मिडियम हेवी दुसऱ्या कंपनीचा मिडियम असू शकतो. रॉडच्या अंगावरचं आयएम६ किंवा आयएम७ हेही दर्जाचं सर्वमान्य माप नाही. आयएम६ हे मुळात एका विशिष्ट कार्बन धाग्याचं व्यापारी नाव होतं, पुढे ते सैलपणे वापरलं जाऊ लागलं. जास्त मॉड्युलसचा कार्बन म्हणजे वजनाच्या मानानं जास्त ताठ, म्हणून कमी पदार्थात रॉड होतो, हलका होतो, कंपन चांगलं पोचवतो. पण भिंत पातळ असते. बोटीच्या काठावर आपटला किंवा टंगस्टनची गोळी झुलत येऊन लागली, की तिथे न दिसणारी चीर पडते आणि पुढच्या मोठ्या माशाला तो मोडतो.

मी स्वतः रॉड बघतो तेव्हा रीळ लावल्याशिवाय बघत नाही. नुसता रॉड हातात हलका वाटतो आणि रीळ लावल्यावर टोकाकडे झुकतो. दिवसभर टोक वर धरून बसायचं असतं. झुकणारा रॉड मनगट थकवतो, आणि थकलेल्या मनगटाला काही कळत नाही. रीळ बसवून तर्जनी ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या उघड्या दांड्यावर, ठेवायची आणि दुसऱ्या कुणाला टोकाशी लाईन हलकेच बोटानं खुडायला सांगायची. त्या दोन मिनिटांत किमतीची चिठ्ठी जे सांगत नाही ते कळतं. हाताळून बघायचं एवढंच असतं, पण लोक रॉड हवेत सपसप फिरवून बघतात. त्यातून काही समजत नाही, फार तर छतावरचा दिवा फुटतो.

मासा लागल्यावर काय करायचं, तेही याच जुळणीचा भाग आहे. 'टक्' आलं की टोक खाली न्यायचं, ढील रिळानं गोळा करायची आणि मग लांब, सलग, बाजूनं ओढ घ्यायची. सात फुटी रॉड इथे उपयोगी पडतो, कारण एका ओढीत तो बरीच लाईन हलवतो. वॅकीला नुसतं रीळ फिरवत रॉड ताणायचा, गळ स्वतःच रुतून बसतो.

फाटलेल्या आमिषांचं काय करायचं, हे मला सामानाच्या निवडीइतकंच महत्त्वाचं वाटतं. गळावरून निसटलेला प्लास्टिकचा तुकडा पाण्यात राहतो, मासे तो गिळतात, आणि काही माशांच्या पोटात तो फुगलेला सापडला आहे. मेन राज्याच्या विधिमंडळात २०१३ साली अशा आमिषांवर बंदी घालण्याचा प्रस्तावही आला होता. मी पाकिटातच एक रिकामी पिशवी ठेवतो आणि तुटलेलं प्रत्येक आमिष तिच्यात टाकतो. वॅकी रिगला सेंकोभोवती छोटी रबरी कडी घालून गळ तिच्यातून काढला की आमिष फाटत नाही आणि फेकताना उडतही नाही.

पुतण्याला शेवटी सात फुटी, मिडियम हेवी, फास्ट ॲक्शनचा रॉड घ्यायला सांगितला, मधल्या किमतीचा, आणि उरलेले पैसे चांगली फ्लुओरोकार्बन, ३/० आणि ४/० मापाचे गळ आणि दोनच मापांच्या टंगस्टनच्या गोळ्यांवर घालायला लावले. एवढ्यावर टेक्सास रिग उत्तम चालते. सेंको बिनवजनाचा टाकायला हा रॉड जड आहे, ते त्याच्याही लक्षात आलंय. त्यासाठी मिडियम लाइट स्पिनिंग रॉड तो पुढे घेईल. बारीक तारेचे वॅकी गळ आणि रबरी कड्या त्यानं आधीच आणून ठेवल्या आहेत.